‘अंधेरा था’ : एका साक्षीचं प्रकरण

आमच्याकडे ‘साक्ष’ हा शब्द बुधवारचा. रविवारची उपासना हिंदीत होते, पण बुधवारी संध्याकाळी इंदूरच्या पश्चिमेकडे राहणाऱ्या आम्हा आठ-दहा मराठी ख्रिस्ती घरांची प्रार्थनासभा असते, आळीपाळीने एकेकाकडे. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची दोन भजनं, शास्त्रवाचन, आणि मग मी विचारते, ‘‘कुणाला साक्ष द्यायचीय?’’ कुणाचा ताप उतरलेला असतो, कुणाच्या मुलीचं जमलेलं असतं. साक्ष देणारा उभा राहतो, आम्ही आमेन म्हणतो, मग चहा येतो. अशा साक्षीला काही खर्च नसतो.

ज्या बाईंचं हे प्रकरण आहे त्या वीसेक वर्षं अशा साक्षी देत आल्या. मग एक दिवस दुसरी साक्ष द्यायची वेळ आली, ठाण्यातली आणि कोर्टातली. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि नाव कुणाचंच देत नाही. त्या नर्स, म्हणून सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. मीही तेच म्हणेन. मी निवृत्त शिक्षिका, गटाची जबाबदारी माझ्याकडे, म्हणून गोष्ट माझ्यापर्यंत आली. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ज्यांना लोकांची अशी दुखणी ऐकून घ्यावी लागतात त्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहिते आहे. त्यात माझ्या चुकाही आहेत, त्या झाकत नाही.

सिस्टर आणि दादा

सिस्टर सत्तावन्न वर्षांच्या. आजोबा नगर जिल्ह्यातले. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने 1877 मध्ये इंदुरात काम सुरू केलं. पुढे त्या मिशनच्या दवाखान्यात आजोबा कंपाउंडर म्हणून आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, पण इंदुरी मराठी. सिस्टर ‘गडबड झाली’ म्हणाल्या की त्याचा अर्थ घाई नव्हे, घोटाळा. नवरा जाऊन तेरा वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन रायपूरला. सुदामानगरात एका मराठी हिंदू कुटुंबाच्या घरात तळमजल्यावर दोन खोल्या, एकोणीस वर्षांपासून भाड्याने.

घरमालकांना त्या दादा म्हणतात, त्यांच्या बायकोला वहिनी. भाडं साडेचार हजार. त्या भागात आज तेवढ्यात एक खोलीही मिळणार नाही. नवऱ्याच्या आजारपणात दादांनी रात्री-अपरात्री गाडी काढली. दफनाला दोघंही कबरस्तानात आले, मूठमूठ माती टाकली. नाताळच्या करंज्या वर जायच्या आणि गणपतीचे मोदक खाली यायचे. प्रसादाचं खायचं की नाही हा सिस्टरांचा पेच वहिनींना न सांगता कळलेला होता. त्या नैवेद्य दाखवायच्या आधीच डबा खाली पाठवायच्या. एवढं समजून घेणारी माणसं. हे मी मुद्दाम आधी सांगते आहे, कारण भीतीचं प्रकरण म्हटलं की समोर कुणीतरी गुंड असणार असं आपण धरून चालतो. इथे तसं कुणीच नव्हतं.

पहाट

2024 च्या ऑगस्टचा दुसरा आठवडा. सिस्टरांची ड्युटी सहाची, म्हणून त्या पाचच्या सुमाराला निघून फूटी कोठी चौकाकडे चालल्या होत्या. पाऊस भुरभुरत होता. पुढे पोह्याचा ठेला ढकलत एक माणूस चाललेला. मागून गाडी आली, ठेल्याला आणि माणसाला उडवलं, आणि थांबली.

थांबली, हे महत्त्वाचं. मागच्या लाल दिव्यांत सिस्टरांना दिसला काचेवरचा अर्धा सोललेला ‘मोरया’, आणि डावीकडचा चेपलेला कोपरा. तो कोपरा दादांनीच मागच्या दिवाळीत गाडी मागे घेताना गेटवर ठोकला होता. नंबर वाचायची गरजच नव्हती. आतून कुणी उतरलं नाही. गाडी पुढे गेली.

ठेला आडवा झाला होता. भिजलेले पोहे डांबरावर पसरलेले, पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याचा, जीरावनचा, डबा उघडून त्याची पूड पाण्यात कालवलेली. त्या माणसाचा उजवा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता. सिस्टरांनी स्वतःची छत्री मिटली, ती पायाला लावली आणि ओढणी फाडून वरखाली दोन ठिकाणी घट्ट बांधली. 108 ला फोन केला. गाडी आल्यावर एम. वाय. हॉस्पिटलपर्यंत त्याच्याबरोबर गेल्या. गणवेशाला जीरावनचा वास दोन धुण्यांत गेला नाही, असं त्या नंतर मला म्हणाल्या.

हॉस्पिटलातल्या पोलीस चौकीच्या हवालदाराने विचारलं, ‘‘मैडम, गाड़ी देखी?’’

सिस्टर म्हणाल्या, ‘‘अंधेरा था।’’

खरं वाक्य

दुसऱ्या दिवशी बुधवार. सभा माझ्याकडे होती. साक्षीच्या वेळी सिस्टर उभ्या राहिल्या, ‘‘प्रभूने काल माझ्या हातून एका माणसाला...’’ इतकं म्हणाल्या आणि खाली बसल्या. आम्हाला वाटलं, गहिवरून आलं. कुणीतरी आमेन म्हटलं. सगळे गेल्यावर त्या कप विसळायला थांबल्या आणि नळाकडे तोंड करून म्हणाल्या, ‘‘बाई, मी खोटं नाही बोलले. अंधार होताच की.’’

हे वाक्य मला तेव्हा नीट कळलं नाही. पुढे बरेच दिवस डोक्यात राहिलं. बायबलातल्या उत्पत्तीच्या 20 व्या अध्यायात अब्राहाम गरारला जातो आणि जिवाच्या भीतीने बायकोला बहीण म्हणून सांगतो. अबीमलेख राजाने जाब विचारल्यावर तो म्हणतो, ती खरंच माझी बहीण आहे, बापाकडून, आईकडून नव्हे. म्हणजे शब्द खरे, आणि ते उच्चारले फसवायला. विश्वासणाऱ्यांचा बाप म्हणतो आपण त्याला, आणि भीतीपोटी तो एकदा नव्हे, दोनदा हेच करतो. पहिली खेप 12 व्या अध्यायात. भ्यालेला देवभीरू माणूस सहसा उघड खोटं बोलत नाही. तो खऱ्यातला सोयीचा तुकडा निवडतो. अंधार होता, पण मागचे दिवे लागलेले होते.

त्या संध्याकाळी मी जे केलं ते आपल्यातले बहुतेक करतात. यशया 41:10 वाचलं, ‘भिऊ नको, कारण मी तुझ्याबरोबर आहे’. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थना केली : प्रभो, हिच्या मनातली भीती काढून टाक. सिस्टर आमेन म्हणाल्या, घरी गेल्या. झोप लागली नाही.

पुढच्या बुधवारी त्यांनी मला बाजूला घेतलं. ‘‘भीती गेली नाही बाई. म्हणजे माझा विश्वास कमी पडतो का?’’

ही माझी पहिली चूक, आणि मोठी. मी त्यांच्या डोक्यावर एक ओझं होतं तिथे दोन केली. आधी नुसती भीती होती; आता भीती वाटते म्हणून अपराधीही वाटायला लागलं. शिवाय नकळत मी एक सूट देऊन बसले होते : भीती जाईल तेव्हा बघू. भीती काही जात नाही, आणि मग आज्ञा पाळायचा दिवसही येत नाही. बायबलमध्ये ‘भिऊ नको’ 365 वेळा आलंय, रोजचं एक, असं आपल्याकडे हमखास सांगतात. मी एका सुटीत मोजायला बसले होते. निम्मेसुद्धा भरले नाहीत. पण खरी गंमत आकड्यात नाही. बहुतेक ठिकाणी ते वाक्य येतं तेव्हा समोरचा माणूस घाबरलेला असतो आणि त्याला पुढचं काम त्याच स्थितीत सांगितलं जातं, हे आपण सांगत नाही.

बातमी थोडी फुटली होती. एकाने सिस्टरांना योहानाच्या पहिल्या पत्रातलं ‘पूर्ण प्रीती भीती घालवून देते’ ऐकवलं. ते वचन न्यायाच्या दिवशी होणाऱ्या शिक्षेच्या भीतीबद्दल आहे. मागची-पुढची ओळ वाचली तरी कळतं. घरमालकाच्या रागाला ते लावणं म्हणजे तापाला खरजेचं मलम. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, म्हणाले, घाई नको, प्रभू मार्ग उघडेल. आणि एका वडीलधाऱ्या बाईंनी सगळ्यांच्या मनातलं बोलून दाखवलं : ‘‘आपण मूठभर. उगीच कुणाच्या डोळ्यावर का यायचं?’’ हे मला हसण्यावारी नेता आलं नाही. इथे राहणाऱ्याला ते कळतं.

यादी

तिसऱ्या आठवड्यात मी प्रार्थनेआधी कागद काढला. शिक्षिकेची खोड. म्हटलं, कशाकशाची भीती वाटते ते लिहा, एकेका ओळीत. ड्युटी-चार्टच्या पाठकोऱ्या कागदावर त्यांनी सात ओळी लिहिल्या. मी पैजेवर सांगितलं असतं की पहिली ओळ घराची असेल. पहिली ओळ होती : ‘वहिनी बोलणार नाहीत.’ घर तिसरं. दुसऱ्या ओळीत ‘पोलीस ठाण्यात बसवून ठेवतील’. मग कोर्टाच्या खेपा, रजा कापली जाणं, ‘त्या मुलाचं आयुष्य’. सगळ्यात खाली, बारीक अक्षरात : ‘देव.’

गाडी कोण चालवत होतं ते तोवर सिस्टरांना कळून चुकलं होतं. दादांचा पुतण्या, वय एकवीस, खरगोनहून आलेला. भंवरकुआंच्या एका कोचिंगमध्ये एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेशच्या राज्यसेवा परीक्षेची, तयारी करतो आणि वर दादांकडेच राहतो. दोनच दिवसांत गाडीला नवा बंपर बसला होता. ‘मोरया’ खरवडून काढला होता.

यादीतल्या काही भीती माहितीने उतरण्यासारख्या होत्या. त्यासाठी मी आमच्याच मंडळीतल्या एका वकिलांना घरी बोलावलं. त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं देते, कारण मंडळीतल्या फार थोड्या लोकांना ते माहीत असतं. अपघातातल्या माणसाला मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. सर्वोच्च न्यायालयाने 30 मार्च 2016 ला केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली. पुढे 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134-अ हे कलम आलं आणि 2020 मध्ये नियम झाले. मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही, आणि त्याने आपणहून साक्षीदार व्हायचं ठरवलं तर पोलिसांनी त्याची चौकशी एकदाच, त्याच्या सोयीने करायची. कायद्यात अशा माणसाला नाव काय दिलंय? गुड समॅरिटन. लूकच्या 10 व्या अध्यायातला, वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणारा आपला चांगला शोमरोनी.

सिस्टर पटकन म्हणाल्या, ‘‘म्हणजे मी गप्प बसले तरी चालतं?’’

वकील म्हणाले, ‘‘कायद्याने चालतं. तुमच्यावर काहीही येणार नाही.’’ मग त्यांनी दुसरी बाजू सांगितली. गाडी कुणाची ते कळलंच नाही तर पोहेवाल्याला 2022 च्या योजनेखाली गंभीर दुखापतीचे पन्नास हजार मिळतील. गाडी कळली तर विम्याकडून दावा लागतो : उपचार, बुडालेली कमाई, कायमचं अपंगत्व. आणि दुरुस्त कायद्याप्रमाणे तो दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करायचा.

खोलीत कुणी बोललं नाही. मी लेवीय 5:1 उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. ज्याने पाहिलंय किंवा ज्याला माहीत आहे, आणि साक्ष द्यायला पुकारलं असता जो सांगत नाही, त्याच्या माथी दोष राहतो, असं ते वचन आहे. दहा आज्ञांतली ‘खोटी साक्ष देऊ नको’ आम्ही लेकरांना पाठ करायला लावतो. न दिलेल्या साक्षीबद्दलचं हे वचन चाळीस वर्षांत मी एकाही संदेशात ऐकलेलं नाही. आणि शोमरोन्याच्या दाखल्यात एक गोष्ट आपण वाचून सोडून देतो. तो जखमा बांधतो, उतारशाळेत नेतो, दोन दीनार देतो आणि म्हणतो, जास्त खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा फेडीन. परत येईन. सिस्टरांचं पहिलं काम झालं होतं, परत जाणं राहिलं होतं.

पुरा

तरी भीती होतीच. आता निदान तिची लांबी-रुंदी कळली होती. त्या रात्री मी बायबलातलं शास्त्यांचं पुस्तक काढून बसले, कारण त्यातला गिदोन मला नेहमीच जवळचा वाटत आलाय. देव त्याला सांगतो, बापाची ती बआल दैवताची वेदी मोड. तो मोडतो, पण रात्री, दहा गडी बरोबर घेऊन, कारण घरच्यांची आणि गावकऱ्यांची भीती. 6:27 मध्ये स्वच्छ लिहिलंय. रात्री का केलंस म्हणून देव एका शब्दाने बोलत नाही.

पुढच्या अध्यायात मिद्यान्यांशी लढायला त्याच्याकडे बत्तीस हजार माणसं जमतात. ज्याला भीती वाटते त्याने घरी जावं, असं पुकारलं जातं आणि बावीस हजार निघून जातात. आता गंमत बघा. सातच ओळींनी खाली, 7:10 मध्ये, देव खुद्द गिदोनाला म्हणतो : मिद्यान्यांच्या छावणीत एकट्याने उतरायची भीती वाटत असेल तर तुझा सेवक पुरा याला बरोबर घेऊन जा. भित्र्यांना घरी पाठवून झाल्यावर सेनापतीच भ्यालेला निघतो! आणि तो जातो, पुराला घेऊन. म्हणजे भीती वाटत नाही असं त्यालाही म्हणता आलं नाही. या पुराबद्दल शास्त्रात पुढे काहीही नाही. तो बोलत नाही, लढत नाही. फक्त बरोबर जातो.

मला माझं काम तिथे सापडलं. पुढच्या भेटीत मी भीती काढून टाकायची प्रार्थना केली नाही. म्हटलं, ‘‘सिस्टर, तुम्ही जाल तेव्हा मी बरोबर येईन. थर्मास घेऊन.’’ त्या पहिल्यांदा हसल्या. ‘‘ठाण्यात चहा मिळतो बाई.’’ ‘‘तो मी पीत नाही,’’ मी म्हटलं.

वर

सिस्टरांचा एक हट्ट होता : पोलिसांकडे जायच्या आधी दादांना सांगायचं. मला तो मत्तय 18 ला धरून योग्य वाटला, आधी भावाला एकट्याने गाठ. वकील चिडले. पुरावा नाहीसा करायला वेळ देताय, म्हणाले. कोण बरोबर होतं ते मला आजही सांगता येत नाही. पुरावा जेवढा जायचा तेवढा आधीच गेलेला होता.

रविवारी उपासनेनंतर त्या वर गेल्या. वहिनी गणपतीच्या मखराचा थर्माकोल कापत बसल्या होत्या. सिस्टरांनी उभ्यानेच सांगितलं. दादा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ‘‘तो आम्हाला कुत्रं आडवं आलं म्हणाला होता.’’ दादांना खरंच माहीत नव्हतं. नवा बंपर त्यांनीच बसवून घेतला होता, कुत्र्यासाठी. ‘मोरया’ मात्र त्याने एकट्याने खरवडला होता, सकाळी, पातं आणि साबणाचं पाणी घेऊन.

नंतर दादा खाली आले. आवाज चढवला नाही, घर सोडा म्हणाले नाहीत. म्हणाले, ‘‘ताई, मी त्याला एक लाख देतो. तुमच्या हातूनच द्या, लागल्यास आणखी देईन. फक्त नाव येऊ देऊ नका. पोराची परीक्षा आहे. निदान गणपती होऊन जाऊ दे.’’ एकोणीस वर्षांत त्यांनी काही मागितलं असेल तर ते एवढंच.

या देकारापुढे मी डळमळले, हे कबूल केलं पाहिजे. लाख हातात, शिवाय योजनेचे पन्नास, तेही आज. दुसरीकडे वर्षानुवर्षं चालणारा दावा, त्यात पोहेवाल्याच्या कमाईचा कागद कुठला असणार. सौम्य, माणुसकीचा, सगळ्यांना सोयीचा मार्ग. मी सिस्टरांना म्हटलंसुद्धा, ‘‘यात प्रभूचा हात असेल का, बघा.’’ ही माझी दुसरी चूक. जी वाट सगळ्यात कमी भीतीची, तीच देवाची असं मी धरून चालले. मुलाला जे केलं ते केलं म्हणून सांगायची वेळच येणार नव्हती, आणि ‘अंधेरा था’ हे वाक्य कायमचं शाबूत राहणार होतं, हे मला तेव्हा दिसलं नाही.

मंगळवारी ड्युटीनंतर सिस्टर एम. वाय. मध्ये त्या माणसाला बघायला गेल्या, लाखाबद्दल चाचपणी करायच्या मनाने. पायाला बाहेरून सळ्या लावलेल्या. बायको स्टुलावर बसली होती. तिने सिस्टरांना ओळखलं नाही, त्याने ओळखलं. मग ती खाटेखाली वाकली आणि पिशवीतून छत्री काढली. पुसून, घडी घालून, बंद लावून ठेवलेली. ‘‘आपकी है ना, बहनजी। एक तार मुड़ गया है।’’

सिस्टर मला म्हणाल्या, ‘‘तिने गाडीचं विचारलं असतं ना बाई, तर मी परत अंधार होता म्हटलं असतं. तिने काही विचारलंच नाही. छत्री दिली.’’

ठाणं

4 सप्टेंबर, बुधवार. शनिवारी गणपती बसणार होते. आम्ही संध्याकाळची सभा रद्द केली. बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनीच घरी यायचं असतं, हे वकिलांनी सांगितलं होतं. पण पोलीस आले असते ते दादांच्या दारात, शेजारपाजार बघत असताना. म्हणून सिस्टर आपणहून गेल्या. तशी मुभा आहे.

साडेतीन तास बाकावर. तपास अधिकारी बाहेर गेलेले. सिस्टरांचे हात गार पडले होते, तीनदा पोट धरून उठल्या. भीती छातीत असते असं आपण म्हणतो. ती पोटात असते. मी स्तोत्र 56 मधली तिसरी ओळ हळूच म्हटली : भीती वाटेल त्या दिवशी मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. सिस्टर म्हणाल्या, ‘‘दावीदालाही वाटायची ना? मग ठीक.’’ आणि चहा मागितला.

जबाब हिंदीत टंकला जात होता. टंकणाऱ्याने सरावाने ‘तेज गति व लापरवाही से’ असं टाकलं. सिस्टर थबकल्या. ‘‘तेज थी कि नहीं, मुझे नहीं पता। वो काट दीजिए।’’ तो वैतागला, ‘‘मैडम, सब में यही लिखते हैं।’’ त्या म्हणाल्या, ‘‘मैंने नहीं कहा।’’ मग आणखी एक वाक्य घालून घेतलं : गाडी थांबली होती, नंतर गेली. आणि शेवटी, कुणी विचारलं नव्हतं तरी : हॉस्पिटलात मी गाडी पाहिली नाही असं भासवलं, ते खरं नव्हतं. पोलिसांपुढच्या जबाबावर सही घेत नाहीत. सिस्टरांनी सही कुठे करायची म्हणून दोनदा विचारलं.

बाहेर पडल्यावर शांती वगैरे लाभली का, असं मला गटात विचारलं गेलं. नाही. रिक्षात त्या रडल्या आणि घराच्या दोन गल्ल्या अलीकडे उतरल्या, वरच्या गच्चीतून कुणी बघू नये म्हणून.

नंतर

दादांनी घर सोडा म्हटलं नाही. त्या वर्षी मोदकांचा डबा आला नाही. नाताळला सिस्टरांनी करंज्या वर पाठवल्या, माझा विरोध असताना. दोन दिवसांनी डबा धुऊन, पुसून परत आला. रिकामा. आपल्यात डबा रिकामा परत करत नाहीत. यादीतली पहिली ओळ खरी ठरली होती.

फेब्रुवारीत त्यांनीच रामबागेजवळ एक खोली घेतली, भाडं जवळपास दुप्पट, खिडकी एक. सामान हलवायच्या दिवशी पुतण्या खाली आला. कुणाशी न बोलता लोखंडी कपाटाला हात लावला, टेम्पोत चढवून दिलं आणि वर निघून गेला. त्याच्यावरची केस चालू आहे. पोहेवाल्याचा दावा मुदतीत दाखल झाला. तो काठी घेऊन चालतो. ठेला आता बायको लावते.

हे प्रकरण पुढे करून कुणाला ठाण्यात ढकलू नये, एवढं मात्र बजावते. समोर खरोखर जिवाचा धोका असता, एकटी पोर असती, तर मी आधी वकील आणि साक्षीदार संरक्षणाचा अर्ज बघितला असता. गिदोनालाही रात्रीची वेळ निवडायची मुभा होती.

मंडळीत सिस्टरांचं कौतुक झालं. मूठभर म्हणणाऱ्या त्याच बाईंनी सुचवलं, बुधवारी साक्ष द्या ना. सिस्टर म्हणाल्या, ‘‘अजून झाली नाही.’’

ती झाली 2025 च्या डिसेंबरात, दाव्याच्या सुनावणीत. मी मागच्या बाकावर, थर्मास मांडीवर. सिस्टरांनी ईश्वराला स्मरून शपथ घेतली, आवाज इतका बारीक की परत घ्यायला लावली. विमा कंपनीच्या वकिलांनी कागद चाळला आणि जिथे बोट ठेवणार हे आम्हाला सव्वा वर्ष माहीत होतं तिथेच ठेवलं.

‘‘आपने पहले तो कहा था, अंधेरा था?’’

‘‘जी, कहा था।’’

‘‘क्यों कहा था?’’

‘‘डर गई थी।’’

‘‘और अब? अब डर नहीं लगता?’’

सिस्टरांनी कठड्यावरचा हात काढून पदराला पुसला.

‘‘लग रहा है,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आप पूछिए।’’